अंगावरची शुका

ड्रायव्हरदादांनी गाडी बंद केली, आरशातून माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मामा, ती शुका काढून पिशवीत ठेवता का? प्लीज." केनियात मुलंबाळं असलेल्या बाईला मामा म्हणतात, दोन दिवसांत त्याची मला सवय झाली होती, पण शुका का काढायची ते काही कळेना. अंबोसेली नॅशनल पार्कमधली जुलैतली सकाळ, सव्वासहा वाजलेले, जीपचं छप्पर वर केलेलं आणि वारा असा की कानाच्या पाळ्या दुखत होत्या. शुका म्हणजे मसाई लोक अंगावर घेतात ते लाल चौकड्यांचं कापड, तेवढीच काय ती मला ऊब होती. तेवढ्यात डावीकडून हत्ती दिसले. वीस-बावीस असतील, एकामागं एक, दलदलीकडं पाण्याला निघालेले. आदल्या दिवशी असेच हत्ती आमच्या गाडीच्या इतक्या जवळून गेले होते की त्यांच्या कातडीच्या सुरकुत्यांत अडकलेला वाळका चिखल दिसत होता, आणि त्यांनी आमच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. आज मात्र पुढची मोठी हत्तीण शंभरेक पावलांवर थबकली. तिनं सोंड वर उचलली, सोंडेचं टोक वळवून आमच्या दिशेनं धरलं आणि तशीच उभी राहिली. मागचे सगळे थांबले. पिल्लं कधी मधोमध गेली आणि मोठ्या बायकांनी कधी त्यांच्याभोवती कडं केलं ते डोळ्यांदेखत होऊनही समजलं नाही.

मी शुका काढली, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली, गाठ मारली आणि सीटखाली ढकलली. नवरा काहीतरी विचारणार होता, दादांनी त्याला हातानंच गप्प केलं. मग ते स्वतःही गप्प बसले. सात-आठ मिनिटं तरी तो माणूस एक शब्द बोलला नाही, खोकलासुद्धा आवरून धरला होता त्यांनी, मला दिसत होतं. शेवटी त्या हत्तिणीनं सोंड खाली घेतली आणि नेहमीची वाट सोडून लांबचा वळसा घालून सगळा कळप घेऊन गेली.

"शुका कुठून घेतली?" दादांनी नंतर विचारलं.

"काल त्या वस्तीवर. एकानं दिली."

"त्याच्या अंगावरची?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. एवढंच झालं. कुणाला काही लागलं नाही, कुणी ओरडलं नाही, पुढं दिवसभर झेब्रे बघितले, तरस बघितला, मुकुटवाले क्रौंच बघितले. पण वर्ष झालं तरी ती वर उचललेली सोंड काही डोक्यातून जात नाही.

आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. पार्कच्या हद्दीबाहेर मसाई लोकांची एक वस्ती दाखवायला नेलं होतं. माणशी ठरलेले पैसे द्यायचे, मग ते गाणं म्हणतात, तरुण पोरं जागच्या जागी सरळ उंच उड्या मारतात, आत घर दाखवतात आणि शेवटी बायका मण्यांचे दागिने मांडून बसतात. खरं सांगते, सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं झालं. कुणाच्या दारात पैसे देऊन शिरायचं आणि त्यांच्या चुलीचे फोटो काढायचे, हे मनाला पटत नव्हतं. पण काट्याच्या कुंपणातून आत पाय टाकला आणि नाकात वास शिरला. शेणाचा, गोमुताचा, धुराचा, जनावरांच्या अंगाचा. आफ्रिकेत येऊन मी थेट आटपाडी तालुक्यातल्या आमच्या घरी पोचले. बाभळीच्याच कुळातल्या झाडांच्या काट्यांचं गोल कुंपण, आत कडेकडेनं घरं आणि मधे जनावरांची जागा, आमच्याकडं धनगर मेंढरांचं वाडगं घालतात अगदी तसं. घरं बायकाच बांधतात, काटक्यांचा सांगाडा, त्यावर शेणमातीचा गिलावा. पावसाळ्यात छप्पर गळलं तर परत शेण लिंपायचं तेही बायकांनीच. दार इतकं बुटकं की वाकून, एक वळण घेऊन आत जावं लागतं. आत अंधार. डोळे सरावल्यावर कोपऱ्यात बांधलेलं एक वासरू दिसलं, नुकतंच झालेलं असावं, पाय अजून नीट ठरत नव्हते. घरातल्या बाईनं दुधाचा भोपळा दाखवला. वाळवून पोखरलेला लांबट भोपळा, त्याला मणी लावलेलं कातड्याचं झाकण. तो आतून पाण्यानं नुसता धुवून भागत नाही, रानटी ऑलिव्हच्या जळत्या काटकीनं आतून घासून काढायचा, मग दूध टिकतं आणि त्याला धुराचा वास लागतो. तिनं झाकण काढून माझ्या नाकाशी धरलं. आजी गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध तापत ठेवायची दुपारभर, त्यावर तांबूस साय यायची, तिला हाच वास होता. मी त्या बाईचा हात धरला आणि काही बोलू शकले नाही. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

बाहेर आलो तर वारा सुटला होता. विकायला ठेवलेल्या शुका होत्या, नव्या, घडीच्या, पारदर्शक पिशवीतल्या. मला ती नको होती. मला खरी हवी होती. आता लिहितानाही ते वाक्य आठवून कसंतरी होतं, पण मी तसंच म्हणाले, "खरी, वापरलेली." गाईड पोरानं ते पुढं सांगितलं, थोडं हसणं झालं, आणि उड्या मारणाऱ्यांतल्या एका उंच पोरानं आपल्या खांद्यावरची शुका सोडून माझ्या हातात दिली. नव्या शुकेपेक्षा मी जास्त पैसे दिले. त्याच्या अंगावर आत एक विटका बनियन होता. रात्री लॉजवर दोन ब्लँकेटं घेऊन झोपताना माझ्या मनात आलं, त्याच्याकडं दुसरी असेल ना.

नंतर दादांनी जे सांगितलं आणि घरी आल्यावर मी जे शोधून वाचलं ते असं. याच अंबोसेलीत हत्तींवर १९७२ पासून सतत अभ्यास चालू आहे, सिंथिया मॉस या बाईंनी सुरू केलेला. एकेका हत्तीला नाव आहे, कोण कुणाची मुलगी, कोण कुणाची नात, सगळं नोंदलेलं. २००७ साली इथल्याच हत्तींवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही कापडं मसाई पुरुषांनी पाच दिवस अंगावर वापरली, काही कांबा नावाच्या शेती करणाऱ्या समाजातल्या पुरुषांनी, काही कोरीच ठेवली. मसाई माणसाच्या अंगावरच्या कापडाचा वास आला की हत्ती पळाले, जास्त वेगानं आणि जास्त लांब, आणि उंच गवतात शिरल्यावरच सावरले. कांबांच्या कापडानं तेवढं झालं नाही. आणि नुसतं न वापरलेलं लाल कापड ठेवलं तर पळाले नाहीत, चिडले. मग २०१४ मध्ये आवाजाचा प्रयोग आला. एकच वाक्य, बघा बघा तिकडं हत्तींचा कळप येतोय अशा अर्थाचं, मसाई आणि कांबा दोघांकडून त्यांच्या त्यांच्या भाषेत म्हणून घेतलं आणि हत्तींना ऐकवलं. मसाई पुरुषाच्या आवाजाला कळप गोळा होऊन मागं सरकला. पण मसाई बायकांच्या आणि लहान पोरांच्या आवाजाला तेवढा घाबरला नाही. त्यांना भाषा कळते, बाप्या कळतो, बाई कळते, पोर कळतं.

हे वाचलं आणि मला दादांचं ते गप्प बसणं कळलं. ते स्वतः मसाई. गाडीत कायम खाकी जर्सी घालतात, लाल नाही. हत्तींना गाड्यांची सवय आहे, त्यामुळं एरवी काही होत नाही, पण कळप संशयात असला की आपण तोंड मिटायचं ही त्यांची स्वतःची पद्धत. ज्या जमिनीवर आज्जा-पणज्यापासून गुरं राखली तिथं हा माणूस आपला आवाज गिळून बसतो. मला ते फार लागलं. पण त्यांच्या बोलण्यात तसं काही दुःख नव्हतं. म्हणाले, "त्यांना आमच्या भाल्यांची आठवण आहे. ती चुकीची आठवण नाहीये."

आता आमच्या चंद्रीचं सांगते, कारण त्या दिवशी जीपमध्ये मला पहिल्यांदा तीच आठवली.

चंद्री आमची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. आजीशिवाय कुणाला दूध द्यायची नाही. दुसरं कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची, नाहीतर लाथेनं चरवी उडवायची. एकदा आजीला ताप भरला, चार दिवस अंथरुणातून उठवत नव्हतं. पहिल्या दिवशी काकानं प्रयत्न केला, थेंब नाही. सड दडदडून फुगलेले, रेडकू हुंदडतंय, म्हैस ओरडतेय. मग आजीनंच अंथरुणावरनं सांगितलं, माझं लुगडं नेस. माझा काका, चांगला मिशीवाला, तालमीत जाणारा गडी, आजीचं अंगावरनं उतरलेलं हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन चंद्रीच्या कासेशी बसला. आम्ही पोरं हसायला लागलो तर आईनं डोळे वटारले. चंद्रीनं मान वळवली. लुगड्याच्या पदराला नाक लावलं. फुर्र करून श्वास सोडला. परत वास घेतला. आणि मग चरवीत पहिली धार पडल्याचा तो आवाज आला, रिकाम्या पितळेवर वाजतो तो. चार दिवस काका रोज दोन वेळा लुगडं नेसला. आमच्या भागात बऱ्याच घरांतनं हे करतात, त्यात नवल असं कुणाला वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं, ती हत्तीण बघेपर्यंत.

तिकडं कापडाच्या वासानं पान्हा फुटायचा, इकडं कापडाच्या वासानं बावीस हत्तींनी वाट बदलली.

अंबोसेलीत पाण्याची वाट बदलणं ही साधी गोष्ट नाही, हे तिथं गेल्यावरच कळतं. अंबोसेली हे नावच मसाई भाषेतल्या खाऱ्या धुळीसाठीच्या शब्दावरनं आलं म्हणतात. पश्चिमेकडं एक मोठं तळं आहे नकाशावर, निळं दाखवतात, प्रत्यक्षात बहुतेक वर्षं कोरडं ठणठणीत. आम्ही त्याच्या तळावरनं गाडीनं गेलो, पांढरट भेगाळलेली जमीन, लांबवर पाण्यासारखं चमकणारं मृगजळ आणि धुळीचे भोवरे आभाळापर्यंत उठलेले. ओठांवर जीभ फिरवली की खारट. आणि तिथनं अर्ध्या तासात गाडी अशा ठिकाणी येते की हत्ती पोटापर्यंत हिरव्या पाण्यात उभे, पाठीवर गायबगळे, पाणघोड्याचे नुसते कान वर, लव्हाळी माणसापेक्षा उंच. वरून पाऊस नाही, नदी नाही, मग हे पाणी आलं कुठून? ते येतं किलिमांजारोवरून. डोंगर आहे टांझानियात, ५८९५ मीटर उंच. वरच्या जंगलात पडलेला पाऊस सच्छिद्र खडकात मुरतो, जमिनीखालनं प्रवास करतो आणि इकडं केनियात सपाटीवर झऱ्यांनी वर येतो. डोंगर स्वतः सकाळी तास-दीड तास दिसतो, मग ढगाआड जातो. मला त्याचं दिसणं आठवतं त्याहून जास्त ते खालनं आलेलं पाणी आठवतं. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला डोंगरापेक्षा झऱ्याचं कौतुक जास्त असतं.

दलदलीच्या कडेला पिवळ्या खोडाची अकेशियाची झाडं आहेत, पण फार थोडी उरलीत. पूर्वी दाट रान होतं म्हणे. हत्तींनी साली सोलल्या, फांद्या मोडल्या, नवी रोपं उठूच दिली नाहीत. एके ठिकाणी विजेच्या तारेचं कुंपण घालून हत्तींना बाहेर ठेवलंय, तर आतमध्ये झाडी उठलीय आणि तारेच्या अलीकडं उघडी जमीन. मी बराच वेळ त्या तारेशी गाडी थांबवून बघत होते. हत्ती वाचवायचे म्हणून पार्क केलं आणि आता झाडं हत्तींपासून वाचवायला पार्कच्या आत कुंपण. पूर्वी गुरं आणि हत्ती आळीपाळीनं ही जमीन वापरत, गुरं आली की हत्ती सरकत, गुरं गेली की परत येत, एका जागी कुणी ठाण मांडून बसत नसे. १९७४ मध्ये नॅशनल पार्क झालं आणि मसाईंची गुरं दलदलीपासून तोडली गेली. बदल्यात बाहेर पाइपनं पाणी देऊ असं ठरलं होतं, ती व्यवस्था काही वर्षांतच कोलमडली. त्या काळात चिडून तरुणांनी हत्तींना आणि गेंड्यांना भाले मारले. जनावराशी वैर होतं म्हणून नाही, पाणी गेलं होतं म्हणून. ज्या हत्तिणींनी ते पाहिलं त्यांच्या मुली, नाती आता कळप चालवतात.

दादांचे वडील त्या पिढीतले. त्यांनी भाला मारला होता का हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. पण २००९ च्या दुष्काळाबद्दल ते आपणहून बोलले. दोन पाऊस गेले. गुरं आधी बसायला लागली. एकदा गाय बसली की चौघांनी शेपटीला आणि शिंगांना धरून उभी करायची, दुसऱ्या दिवशी परत बसते, तिसऱ्या दिवशी उठत नाही. विल्डबीस्ट, झेब्रे वाटेवाटेला पडलेले. एको नावाची जगभर माहीत असलेली म्हातारी हत्तीण, जिनं तीसेक वर्षांपेक्षा जास्त काळ आपलं कुटुंब सांभाळलं, तीही त्याच वर्षी गेली. दादांच्या घरची साठातली नऊ गुरं राहिली. त्यांनी आकडा सांगितला नाही आधी, एकेका गाईचा रंग सांगितला, शिंगं कशी होती ते सांगितलं, मग शेवटी म्हणाले नऊ. मीही त्यांना आमच्याकडचं सांगितलं, १९७२ चं आईकडून ऐकलेलं आणि २०१३ चं स्वतः पाहिलेलं. चारा छावणीत रांगेनं बांधलेली खिलार जनावरं, आणि त्यांच्याच शेजारी खाट टाकून महिनोन्‌महिने झोपणारी माणसं. दादांना ही छावणीची गोष्ट फार आवडली. "माणूस गुरांबरोबर राहायला जातो?" त्यांनी दोनदा विचारलं. म्हटलं हो, घर गावात ठेवून.

परतीच्या दिवशी वाटेत हत्तीची जुनी कवटी दिसली. पार्कच्या बाहेर, रस्त्यापासून जरा आत. दादा उतरले, मूठभर गवत उपटलं आणि कवटीच्या भोकात ठेवून आले. मी विचारायच्या आधीच त्यांनी गोष्ट सांगितली. एका मुलीचं लग्न झालं. निघताना तिला बजावलेलं, काही झालं तरी मागं वळून माहेराकडं बघायचं नाही. ती चालत राहिली, चालत राहिली, आणि शेवटी राहवलं नाही म्हणून वळून बघितलं. तिचीच हत्तीण झाली. "म्हणून हत्तिणीची छाती बघा, बाईसारखी पुढच्या पायांमध्ये असते. ती आमचीच मुलगी." मग गाडीत बसता बसता म्हणाले, "आणि आम्हीच तिला भाले मारतो."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझी पाठवणी झाली तेव्हा एसटी स्टँडवरून मी किती वेळा वळून बघितलं होतं ते मला आठवलं. आजी आली नव्हती स्टँडवर, तिची धारेची वेळ होती.

शुका मी घरी आणली. पिशवीची गाठ पुण्यात सोडली, आणि बेडरूमभर तो वास पसरला. धूर, शेण, घाम, आंबूस दुधासारखं काहीतरी. मुलगा म्हणाला मशीनला लाव. मी दोनदा मशीनपाशी घेऊन गेले आणि दोनदा परत आणली. तो पोरगा डोळ्यांपुढं यायचा, बनियनवर उभा असलेला. त्याच्या अंगाचा वास माझ्या कपाटात आहे, त्याच वासाला ती हत्तीण घाबरते आणि त्याच वासानं त्याची गाय पहाटे त्याच्याकडं मान वळवत असेल. मी तो पैसे देऊन उचलून आणला. धुवायचा मला अधिकार आहे की नाही हेच ठरेना.

दिवाळीनंतर आई राहायला आली. तिला आता थंडी सोसत नाही. रात्री पाणी प्यायला उठले तर बघते, आई हॉलमधे दिवाणावर बसलेली आणि अंगावर ती शुका. कपाटात पांघरूण शोधताना तिला मिळाली. पदरासारखं एक टोक तिनं नाकाशी धरलं होतं. मी दिवा लावला नाही, शेजारी जाऊन बसले. तिला हत्तिणीचं सांगितलं, त्या पोराचं सांगितलं, चंद्रीला लुगडं नेसून कसं फसवलं तेही काढलं.

"फसवलं कुठं," आई म्हणाली. "तिला कळत नव्हतं होय? दोनदा वास घेतला तिनं. आत मिशीवाला बसलाय हे तिला पहिल्या वासातच कळलं असणार. पण लुगडं दिलंय म्हणजे म्हातारीचं सांगणं आहे, एवढं तिला पुरलं."

मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. खाली कुठंतरी वॉचमनची शिट्टी वाजली. आईनं शुकेचं टोक परत नाकाशी नेलं.

"दुभतं आहे ना त्यांच्या घरात?"

"आहे."

"मग धुवू नको एवढ्यात," आई म्हणाली आणि पाय वर घेऊन त्यावरही शुका ओढून घेतली.